रायफलीचा रंग येतो कुठून?

कॉलेजात असताना एनसीसीच्या वार्षिक कॅम्पमध्ये दुपारी हत्यारं साफ करायचा तास असायचा. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, ओळीने मांडी घालून बसायचं, फुलथ्रूच्या दोरीला चिंदी अडकवायची आणि नळीतून एका दमात ओढून काढायची. लाकडी बटासाठी चिंदी वेगळी आणि तेलही वेगळं, जवसाचं. लष्कराकडून आलेल्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. ते पाठीमागे हात बांधून ओळीतून फिरत आणि पुन्हा पुन्हा सांगत, "लकडी को तेल पिलाओ, बेटा."

माझ्या वाट्याला आलेली थ्री-नॉट-थ्री माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. मांडीवर घेतली की तिचं चार किलो वजन जाणवायचं. मला तिचे रंग बघत बसायला आवडायचं. बट एकसारखा तपकिरी नव्हता. जिथे नेम धरताना गाल टेकतो तिथे तो काळपट झाला होता, खालच्या टोकाला लालसर होता. मॅगझीनवरचा, म्हणजे काडतुसांच्या डबीवरचा, काळा रंग कोपऱ्यांवर उडून आतलं राखाडी पोलाद दिसत होतं. हे रंग ठरवतं कोण, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो शिरलाच. उत्तर हळूहळू मिळालं, आणि त्यातलं बरंचसं पुढे भोसरीच्या एका मेटल फिनिशिंगच्या शॉपमध्ये नोकरी करताना मिळालं.

आज बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रंग येतातच. पोलीस चौकीबाहेरची जुनी रायफल तपकिरी. अमेरिकी सैनिकाच्या हातातली काळी. कलाश्निकोव्हचं लाकूड तांबूस आणि मॅगझीन नारिंगी. आपल्या सैन्याची इन्सास रायफल केशरी-तपकिरी. आपल्याला वाटतं, कुणीतरी बसून हे रंग निवडले असतील. बहुतेक वेळा तसं झालेलं नाही. गंज, दमट हवा आणि मालाचा तुटवडा यांच्याशी झगडताना जी युक्ती सापडली, तिच्यामागे जो रंग उरला तो त्या बंदुकीचा झाला.

सुरुवात नळीपासून करू. पोलाद उघडं ठेवलं की गंजतं, आणि सैनिकाची बंदूक पावसात, घामात, चिखलात वावरते. अठराव्या शतकात ब्रिटिश सैन्याने यावर सरळसोट उपाय काढला होता: घासत राहा. १७२२ पासून साधारण १८३८ पर्यंत त्यांच्या पायदळाकडे जी मस्कीट, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची लांब बंदूक, होती, तिच्या नळ्या बराच काळ चकचकीत पांढऱ्या ठेवल्या जात. सैनिक विटेची भुकटी आणि तेल घेऊन त्या रोज घासत. आपल्याकडे पितळेची भांडी घासायची तोच प्रकार. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींसाठी याच मस्कीटची जरा आखूड नळीची, स्वस्त आवृत्ती निघाली. ती 'इंडिया पॅटर्न' म्हणून ओळखली गेली, आणि १७९७ मध्ये ब्रिटिश सरकारनेही आपल्या सैन्यासाठी तीच स्वीकारली. १८०३ मध्ये भोकरदनजवळ असईला मराठ्यांच्या फौजेसमोर कंपनीचं जे पायदळ उभं होतं, त्याच्या हातात याच घराण्यातल्या बंदुका होत्या.

या मस्कीटचं सैनिकांनी ठेवलेलं लाडाचं नाव होतं 'ब्राऊन बेस'. १७८५ मध्ये छापलेल्या फ्रान्सिस ग्रोसच्या इंग्रजी बोलीभाषेच्या कोशात ते सापडतं. ब्राऊन कशामुळे, यावर जाणकारांत वाद आहे. कुणी म्हणतं नळीला तपकिरी थर देत असत म्हणून, कुणी म्हणतं अक्रोडाच्या दस्त्यामुळे, म्हणजे बटासकट सगळ्या लाकडी भागामुळे. माझं मत दस्त्याच्या बाजूने. ज्या काळात नाव रूढ झालं त्या काळात नळ्या घासून चकचकीत ठेवल्या जात होत्या, मग नळीवरून तपकिरी हे नाव कसं पडेल?

घासण्यात दोन अडचणी होत्या. रोजच्या घासण्याने धातू झिजायचा, आणि उन्हात नळी आरशासारखी चमकायची. ओळीने उभं राहून एकदम बार काढणाऱ्या पायदळाला चमकण्याची फिकीर नव्हती. काळ्या दारूचा धूर इतका दाट असायचा की लपण्याचा सवालच नव्हता. पण १८०० च्या सुमारास ब्रिटिशांनी हिरव्या डगल्यातली रायफलधारी पथकं उभी केली. झुडपाआडून एकेक नेम धरून मारणं हे त्यांचं काम. त्यांच्या बेकर रायफलींच्या नळ्या तपकिरी केलेल्या असत. इथे मात्र रंगामागे हेतू होता.

तो तपकिरी रंग होता साधा गंजच, फक्त माणसाच्या ताब्यातला. नळीवरचं तेल पूर्ण काढायचं. सौम्य आम्लाचं पाणी फडक्याने हलकेच फिरवायचं. मग नळी उबदार, दमट जागी काही तास ठेवायची. तिच्यावर बारीक, मखमलीसारखा लाल गंज धरतो. तो बारीक तारेच्या ब्रशने हळुवार झटकायचा आणि पुन्हा आम्लाचं पाणी लावायचं. असं पाच-सात वेळा केलं की सुटा गंज निघून जातो आणि पोलादाला घट्ट चिकटलेला तपकिरी थर उरतो. त्यावर तेल जिरवलं की बाहेरची हवा आत सहजी पोचत नाही.

आता यात एकच पायरी वाढवा. दर फेरीला गंज धरला की झटकण्याआधी नळी स्वच्छ उकळत्या पाण्यात ठेवा. काही मिनिटांत लाल गंज डोळ्यांदेखत काळा होतो. लाल गंजाचं रूपांतर मॅग्नेटाइटमध्ये झालेलं असतं. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचाच दुसरा ऑक्साइड, काळा आणि टिकाऊ. गुळगुळीत पॉलिश केलेल्या पोलादावर त्याचा पातळ थर निळसर-काळा दिसतो, म्हणून या कामाला इंग्रजीत 'ब्लूइंग' म्हणतात. म्हणजे तपकिरी नळी आणि निळी-काळी नळी यांच्यातला फरक एका उकळीचा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला उठवून सांगितलं होतं.

कारखान्यात इतका वेळ कुणाला? तिथे दुसरी रीत आली: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण साधारण १४० अंशांपर्यंत तापवायचं आणि सुटे भाग त्यात बुडवायचे. पुणे-चिंचवडकडे आम्ही याला ब्लॅकोडायझिंग म्हणतो. मशीनवर जे काळे एलन बोल्ट दिसतात ते याच टाकीतून आलेले असतात. टाकी खदखदत असते, वाफेने डोळे चुरचुरतात, जाळीच्या टोपलीतून भाग पांढरे आत जातात आणि पंधरा-वीस मिनिटांनी काळे बाहेर येतात. हा थर साधारण एका मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ. एवढासा थर गंज काय रोखणार? खरं रक्षण त्याने धरून ठेवलेलं तेल करतं. म्हणून टोपली टाकीतून निघाली की धुऊन थेट तेलात जाते. नव्या पोराने तेलाची पायरी चुकवली आणि आठवड्यात माल लाल झाला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशी मला उस्तादांची तेलाची चिंदी आठवली.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली आणि दोनच वर्षांत ती वापरणारी लेबेल रायफल आली. धूर गेला, आणि लपणं शक्य झालं. ब्रिटिशांचे लाल डगले गेले आणि खाकी आली. खाकीची सुरुवात मात्र आपल्याच भागात त्याआधी झाली होती. पेशावरला १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स'साठी हॅरी लम्सडेनने मातकट रंगाचे कपडे घेतले. 'खाक' म्हणजे माती, धूळ, राख. आपण 'जळून खाक झालं' म्हणतो ना, तोच शब्द. अंगावर मातीचा रंग आणि हातात आरसा, हे जमणार नव्हतं. चकाकी घालवणं आता सगळ्याच सैन्यांची गरज झाली.

इथे फॉस्फेटिंग उपयोगी पडलं. इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेटने १९०६ मध्ये याचं पेटंट घेतलं, पुढे अमेरिकेत पार्कर नावाच्या कंपनीमुळे त्याला 'पार्करायझिंग' हे नाव पडलं. गरम फॉस्फॉरिक आम्लात जस्त किंवा मँगनीज विरघळवलेलं असतं. पोलाद त्यात बुडवलं की पृष्ठभागावर बारीक स्फटिक उगवतात. बोट फिरवलं तर खडूच्या फळ्यासारखं खरखरीत लागतं. स्फटिकांच्या फटींत तेल मुरून बसतं आणि खरखरीतपणामुळे उजेड विखुरतो, चमक उरत नाही. जस्त घातलं तर रंग फिका राखाडी, मँगनीज घातलं तर गडद. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी गॅरंड रायफल राखाडी दिसते ती यामुळे. आज आपल्याकडे मोटारीच्या सुट्या भागांना हीच प्रक्रिया रोज होते.

नळीचं झालं. पण लांबून बंदुकीचा जो रंग दिसतो तो नळीचा नसतो, दस्त्याचा असतो.

दस्त्याला अक्रोडाचं लाकूड सर्वांत चांगलं. दणका सोसतं, सहज तडकत नाही, कोरीव कामाला ऐकतं. अडचण अशी की अक्रोडाचं झाड दस्ता निघण्याइतकं वाढायला कित्येक वर्षं लागतात आणि कापल्यावर लाकूड नीट वाळवावं लागतं. दोन महायुद्धांत लाखोंनी रायफली लागल्या, तेवढं अक्रोड आणायचं कुठून? मग ज्याच्या दारात जे झाड होतं ते त्याने वापरलं. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याने कोचवूड नावाचं तिथलं लाकूड घेतलं, ते फिक्कट गुलाबीसर. कॅनडाने बर्च घेतलं, ते पिवळसर. जर्मनीने बीचच्या पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून दस्ते केले, त्यावर धारीधारी दिसतात. बंदूक तीच किंवा जवळपास तीच, पण लाकडावरून देश ओळखू येतो.

या लाकडांना ब्रिटिश आणि भारतीय रायफलींवर जवसाचं तेल दिलं जाई. जवसाचं तेल नुसतं मुरत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. लोखंडी तवा तेलाने मुरवला की त्यावर जो चिवट थर बसतो, त्याचाच हा लाकडावरचा भाऊ. दर वेळी तेल दिलं की रंग थोडा गडद आणि थोडा लालसर होतो. वर्षानुवर्षं सैनिक, पोलीस, कॅडेट तेल देत राहतात, म्हणून जुनी थ्री-नॉट-थ्री नव्यापेक्षा गडद. माझ्या रायफलीवर गालाजवळचा काळपट डाग होता, तो तेल, घाम आणि मळ यांचा. 'तेल पिलाओ' याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता.

रशियात बर्च मुबलक. आपलं भूर्जपत्र ज्या झाडाचं, त्या झाडाच्या कुळातलंच हे. बर्चचं लाकूड मुळात फिकट. सोव्हिएत कारखान्यांनी त्यावर शेलॅक चढवलं, म्हणजे आपली लाख. कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर जो बारीक किडा लाख तयार करतो, ती लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की शेलॅक. तिचा तांबूस-मधाळ रंग बर्चवर चढला आणि कलाश्निकोव्हचा प्रसिद्ध तांबूस दस्ता तयार झाला. लाखेच्या बांगड्या हातात घेतलेल्या कुणालाही तो रंग ओळखीचा वाटेल. पुढे १९५९ च्या एकेएम या सुधारित कलाश्निकोव्हपासून दस्त्यासाठी बर्चचं प्लायवूड आलं, म्हणून त्यावर थरांच्या रेघा दिसतात.

लाकडाचा मोठा दोष म्हणजे ते पाणी ओढतं. कोकणात पावसाळ्यात दारं फुगून बसतात आणि खांद्याने ढकलावी लागतात, ते आठवा. दस्ता फुगला की नळीवर दाब पडतो आणि नेम सरकतो. अमेरिकेला हा धडा व्हिएतनामच्या जंगलात मिळाला. त्यांच्या एम-१४ रायफलीच्या अक्रोडी दस्त्याच्या जागी फायबरग्लासचा दस्ता आणावा लागला. त्याच वेळी एम-१६ सैन्यात येत होती, तिच्यात लाकडाचा तुकडाही नव्हता.

एम-१६ चं मधलं शरीर ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियमला पोलादासारखं काळं करता येत नाही, त्याला हार्ड ॲनोडायझिंग करतात. थंडगार आम्लात बुडवून वीज सोडली की त्याचाच ऑक्साइड जाड आणि कठीण होऊन वर बसतो. घरात हार्ड ॲनोडाइज्ड कढई असेल तर तिचा काळपट राखाडी रंग पाहा, तीच प्रक्रिया. दस्ता प्लास्टिकचा. अगदी सुरुवातीच्या काही रायफलींचे प्लास्टिक भाग हिरवट होते, पुढे ते काळे झाले आणि काळेच राहिले. अक्रोडी लाकडाला सरावलेल्या सैनिकांना ती खेळण्यातली बंदूक वाटली, पण नंतर 'ब्लॅक रायफल' हेच तिचं नाव पडलं.

सोव्हिएत बाजूला प्लास्टिकची गोष्ट वेगळी. १९६० च्या दशकात त्यांनी मॅगझीन पोलादाऐवजी काचतंतू मिसळलेल्या फिनॉलिक राळेचं करायला घेतलं. सगळे त्याला बेकलाइट म्हणतात. घराण्याच्या नात्याने ते बरोबरच आहे. आजीच्या घरचे विजेचे जुने गोल स्विच किंवा कुकरची मूठ नेहमी काळी किंवा तपकिरीच का असायची? फिनॉलिक राळेचा मूळचाच रंग गडद पिवळा ते लालसर असतो, आणि उजेडात तो आणखी गडदतो, त्यामुळे फिकट रंग त्यात टिकत नाहीत. स्विच करणाऱ्यांनी त्यात काळं मिसळलं. मॅगझीन नारिंगी दिसलं ते राळेच्या अंगच्या रंगामुळे. १९७४ च्या एके-७४ या कलाश्निकोव्ह रायफलीबरोबर हे नारिंगी मॅगझीन जगभर ओळखीचं झालं. लपण्याच्या दृष्टीने तो रंग वाईटच. १९८० च्या दशकात दुसरं प्लास्टिक आलं, त्याचा रंग पिकलेल्या जांभळासारखा. आणि १९९१ च्या एके-७४एम पासून सगळं काळं.

आपली इन्सास पुण्यात पाषाणच्या 'एआरडीई' या संरक्षण संशोधन संस्थेत आखली गेली. तिचे सुरुवातीचे दस्ते लाकडी होते, मग केशरी-तपकिरी प्लास्टिक आलं. हा रंग वरून फासलेला नाही, प्लास्टिकच त्या रंगाचं आहे. म्हणून कितीही वापर झाला तरी थ्री-नॉट-थ्रीच्या मॅगझीनसारखे पोपडे उडत नाहीत, फक्त ओरखडे दिसतात. नंतरच्या इन्सास काळ्या आल्या. अमेठीजवळ कोरव्याला तयार होणारी एके-२०३ ही कलाश्निकोव्ह घराण्यातली रायफल काळीच आहे.

आता ज्या रंगांमागे खरोखर कुणाचा तरी निर्णय होता, त्यांच्याकडे येतो. त्यातला सगळ्यांत चांगला मला ब्रिटनच्या होम गार्डचा वाटतो. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्य खूप हत्यारं मागे टाकून आलं होतं. गावोगावचे म्हातारे आणि तरुण पोरं स्वयंसेवक म्हणून उभे राहिले, आणि त्यांच्यासाठी अमेरिकेतून जुन्या एम-१९१७ रायफली मागवल्या. त्या ब्रिटिशांच्या स्वतःच्या पी-१४ रायफलीच्या नकाशावरूनच बनलेल्या होत्या, त्यामुळे दोन्ही जवळजवळ जुळ्या. पण पी-१४ ला .३०३ चं काडतूस लागे आणि अमेरिकीला .३०-०६ चं, लांबीलाही वेगळं. अंधाऱ्या रात्री घाईत चुकीचं काडतूस भरलं की रायफल अडकून बसणार, तेही शत्रू दारात असताना. म्हणून अमेरिकी रायफलीच्या लाकडाभोवती सुमारे दोन इंच रुंद लाल पट्टा रंगवला. शेतातून आलेल्या माणसाला कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, समजावत बसायला वेळ नव्हता. लाल पट्टा असेल तर ही पेटी, नसेल तर ती, एवढंच सांगायचं. काही जुन्या रायफलींवर तो पट्टा अजून टिकून आहे.

आजही असे रंग आहेत. निळा रंग बऱ्याच देशांत सरावाच्या, गोळी न झाडणाऱ्या हत्यारांसाठी राखलेला असतो. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला भडक नारिंगी टोपण लावावं लागतं, पोलिसाला ती खरी वाटू नये म्हणून. तिथे एखाद्या लेकराचा जीव त्या टोपणावर अवलंबून असतो.

आणि काळ्या रंगाचे दिवसही भरत आले आहेत. निसर्गात निखळ काळं जवळजवळ काही नसतं. जंगलातल्या गर्द सावलीतही तपकिरी आणि हिरव्या छटा असतात, वाळवंटात तर काळी रायफल सरळ रेघेसारखी उठून दिसते. अफगाणिस्तानात अनेक पाश्चात्त्य सैनिक आपल्या काळ्या रायफलींवर स्प्रेने मातकट रंग मारून घेत. रात्रीच्या दुर्बिणींनी अडचण आणखी वाढवली. झाडाची पानं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फेकतात, त्यामुळे दुर्बिणीत उजळ दिसतात. काजळीने काळं केलेलं प्लास्टिक ते शोषून घेतं आणि उजळ पानांवर काळी आकृती उमटते. म्हणून नव्या लेपांत डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाबरोबर अवरक्तातला रंगही मोजून घेतात. ब्रिटिशांची एल-८५ए३ रायफल मातकट लेप घेऊन आली आणि अमेरिकेने २०२२ मध्ये निवडलेली नवी रायफलही मातकट तपकिरी आहे. पेशावरच्या खाकीला रायफलीपर्यंत पोचायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी रायफली कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, जमा करायच्या असायच्या. उस्ताद प्रत्येक बटावर अंगठा फिरवून बघत. अंगठा कोरडा निघाला तर रायफल परत हातात देत आणि चिंदीकडे बोट दाखवत. माझी दोनदा परत आली. तिसऱ्या वेळी अंगठ्यावर तेलाची हलकी तकाकी दिसली, त्यांनी मान डोलावली आणि ती बाकीच्यांबरोबर रॅकमध्ये उभी केली.